तीन नोंदी आणि एक ‘कशामुळे’: कृतज्ञतेची वही ठेवायची रीत

आपल्याकडं घरच्या माणसाला धन्यवाद म्हणायची पद्धत नाही. आईनं ताटात गरम भाकर वाढली आणि लेक ‘आभारी आहे’ म्हणाला, तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. याचा अर्थ मराठवाड्यात कुणाला कशाची जाण नाही असा नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्याच्या कानात सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ लातूर-धाराशिवकडं येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडव पुजले जातात, भज्जी-आंबिलाच्या पंगती बसतात, शेत नसलेल्या सोयऱ्या-मित्रांनाही बोलावणं जातं. जाण आहे, पण ती करण्यातून दिसते, बोलण्यातून नाही. आणि ती वर्षातून एकदा येते.

कृतज्ञतेची वही म्हणजे हीच जाण रोजच्या मापात आणायची. रात्री दहा मिनिटं, तीन नोंदी. ऐकायला सोपं आहे. तरीही अनेकांची वही काही दिवसांतच बंद पडते. त्याचं कारण आळस नसतं, लिहिण्याची पद्धत चुकलेली असते.

आधी एक शब्द बाजूला ठेवा. वहीवर ‘आभार’ लिहू नका आणि ‘उपकार’ तर मुळीच नको. उपकार म्हटले की फेडणं आलं आणि फेडता येत नाहीत म्हटलं की ओझं आलं. मानसशास्त्रातही कृतज्ञता वेगळी आणि ऋणाईत असल्याची भावना वेगळी धरतात. कृतज्ञता वाटते त्या माणसाकडं जाऊन बसावंसं वाटतं; ज्याचे हातउसने घेतलेत त्याची गल्ली टाळावीशी वाटते. वहीत आपल्याला पहिली भावना हवी आहे. म्हणून डाव्या पानावर ‘आज काय बरं झालं’ आणि उजव्या पानावर ‘कशामुळे’, एवढे दोनच मथळे पुरेत.

यातून काय मिळतं, किती मिळतं

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे तीन प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं दर आठवड्याला कृतज्ञता वाटण्याजोग्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या आणि दुसऱ्या गटानं त्रास झालेल्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं आणि त्यांच्या शरीराच्या तक्रारीही कमी झाल्या. स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांनी २१ दिवस रोज अशी नोंद ठेवली, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारली आणि झोपही. २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी ‘तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं’ हा एका आठवड्याचा सराव तपासला. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. खाली दिलेली रीत मुख्यतः याच सरावावर उभी आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या सरावाचा परिणाम होतो, पण लहानसाच, असं त्यांना दिसलं. तेव्हा वहीकडं रोजच्या चालण्यासारखं बघा. तब्येतीला बरं, पण मोडलेलं हाड त्यानं जुळत नाही.

वही, पेन, वेळ

शंभर पानी साधी रेघी वही घ्या. महागडी डायरी घेतली की माणूस त्यात चांगलं वाक्य लिहायला बसतो आणि खरं राहून जातं. पेन दोरीनं वहीला बांधून ठेवा. हसू येईल, पण पेन शोधायला उठलेला माणूस परत वहीकडं येत नाही. फोनमध्ये लिहू नका. दुसऱ्या नोंदीच्या आतच कुठल्या तरी ग्रुपवर काहीतरी येऊन पडतं. लाईट गेली तर फोन पालथा ठेवून त्याच्या टॉर्चवर लिहा. उजेडही मिळतो आणि स्क्रीनही दिसत नाही.

वेळ जेवण आणि झोप यांच्या मधली. अंथरुणात पडल्यावर लिहीन असं ठरवलं तर दोन रात्री लिहाल, तिसऱ्या रात्री वही अंगावर ठेवूनच झोपाल. वाळूज किंवा शेंद्र्याला रात्रपाळी करणाऱ्यानं सकाळी घरी येऊन झोपण्याआधी लिहावं. रात्रीची लाईट म्हणून ज्याला दारं धरायला शेतात जावं लागतं, त्यानं संध्याकाळी निघण्याआधी. ‘आज’ म्हणजे शेवटचं झोपून उठलो तेव्हापासून आतापर्यंत. घड्याळातल्या बाराशी त्याचा संबंध नाही.

सुरू करण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून तीन आकडे लिहून ठेवा: गेल्या आठवड्यात मन किती बरं होतं, झोप कशी लागली, घरातल्यांवर चिडचिड किती झाली. प्रत्येकाला शून्य ते दहामधला आकडा. चौदा दिवसांनी जुने आकडे न बघता पुन्हा लिहा आणि मग ताडून बघा. तीनही जागचे हलले नाहीत तर हा सराव तुमच्यासाठी नसेल. तो काही प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही.

नोंद कशी लिहायची

सगळं घोडं इथंच पेंड खातं. सुरुवातीला बहुतेकांच्या वहीत असं दिसतं:

‘१. आईवडील. २. चांगलं आरोग्य. ३. शेजारी चांगले आहेत.’

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ही हजेरी वाटायला लागते आणि वही ट्रंकेवर जाते. यातली एकही गोष्ट खोटी नाही, पण एकही ‘आज’ घडलेली नाही. जे कायम आहे त्याची मनाला सवय झालेली असते, आणि सवयीचं नुसतं नाव घेतल्यानं आत काही हलत नाही.

आता तिसरी नोंद घेऊ आणि उलगडू. ‘शेजारी चांगले आहेत’ असं आज कशावरून वाटलं? नळाला पाणी आठवड्यानं येणार होतं, ते नेमकं पहाटे चारला आलं. घरात सगळे झोपेत. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. मग नोंद अशी होते:

डावीकडं: ‘पहाटे चारला पाणी आलं तेव्हा काकूंनी कडी वाजवून उठवलं. हौद भरला, दोन पिंपही भरले.’

उजवीकडं: ‘त्यांचं पाणी भरणं चालू होतं, मोटार लावून त्या आत जाऊन पडू शकल्या असत्या. अंधारात गुडघे धरत जिना उतरून आल्या. काल आपण बाहेरगावाहून उशिरा आलो हे त्यांनी बघितलं होतं, म्हणून आल्या. नाहीतर आठवडाभर टँकर.’

फरक शब्दांच्या संख्येचा नाही. दुसऱ्या नोंदीत काकूंचे गुडघे आहेत, अंधारा जिना आहे, आणि आपण उशिरा आलो हे कुणीतरी लक्षात ठेवलं होतं हे आहे. तेवढ्यानं छातीत थोडं ऊबदार वाटतं आणि या सरावात जे काही घडायचं ते त्या क्षणी घडतं. वाटलंच नाही तर नोंद अजून मोघम आहे असं समजा.

उजव्या पानासाठी तीन प्रश्न मनात ठेवा. कुणी काय तसदी घेतली? ती घेणं त्याला भाग होतं का? आणि हे झालं नसतं तर आज काय झालं असतं? तिन्हींची उत्तरं दर वेळी मिळणार नाहीत. एक मिळालं तरी चालतं.

कारण नेहमी दुसरा माणूसच असेल असंही नाही. श्रावणात उघडीप लांबली होती, सोयाबीनला शेंगा भरायची वेळ, आणि दुपारी अर्धा तास पाऊस झाला. उजवीकडं ‘नशीब’ लिहा, झालं. कधी कारण तुम्ही स्वतः असता: ‘बँकेचं काम आज झालं, कारण कागद मी आदल्या रात्रीच लावून ठेवले होते.’ असं लिहायला आपल्या लोकांना, त्यातही बायकांना, फार संकोच वाटतो. लिहा. मूळ सराव चांगल्या गोष्टीचं कारण शोधण्याचा आहे, दुसऱ्याला श्रेय वाटून मोकळं होण्याचा नाही.

मोठी गोष्ट शोधू नका. धपाट्याबरोबरचं दही नेमकं लागलं होतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. मुलीनं न सांगता दोरीवरचे कपडे काढून आणले. मोंढ्यात हमालानं पोतं अलगद ठेवलं. एवढ्या मापाच्या गोष्टी रोज तीन सापडतात. नोकरी, लग्न, घर या मापाच्या गोष्टी वर्षाला एक सापडली तरी पुष्कळ. आणि दिवसभरात तिसरी गोष्ट खरंच नसेल तर दोनच लिहा. ओढूनताणून लिहिलेली तिसरी नोंद चांगल्या दोन नोंदींचीही चव घालवते.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांची नजर साथ देत नाही, त्यांनी तोंडी सांगावं. आजीला नातवानं विचारायचं, ‘आज काय बरं झालं? कशामुळे?’ आणि दोन ओळी टिपून घ्यायच्या. यात नातवाचा फायदा आजीपेक्षा जास्त असावा असा आमचा संशय आहे. लहान मुलांना मात्र जेवायला बसवून सगळ्यांसमोर ‘सांग, तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस?’ असं विचारू नका. ती मोठ्यांना आवडेल ते उत्तर शोधतात आणि त्यातली गंमत तिथंच संपते.

‘निदान’ हा शब्द बंद

वहीत एका शब्दाला सक्त मनाई ठेवा: निदान. ‘निदान आपल्या डोक्यावर पत्रे तरी आहेत.’ ‘निदान आपला मुलगा त्यांच्या पोरासारखा वाया गेला नाही.’ ही कृतज्ञता नव्हे. दुसऱ्याच्या पडझडीवरून स्वतःचं बरं मोजणं आहे हे, आणि त्याच्या मागोमाग उद्या आपलीही तीच गत होईल ही भीती येते. अशी नोंद हातून झालीच तर तुलना खोडा आणि उरलेल्या गोष्टीचं ‘कशामुळे’ लिहा. पत्रे कुणी टाकले, पैसे कसे जमवले, कुणी हात लावला?

अंगावर दुःख आलेलं असताना वही जबरदस्तीनं उघडू नये. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेकांची उभी पिकं गेली, कित्येक ठिकाणी शेतातली मातीही वाहून गेली. बांधावर उभ्या असलेल्या अशा माणसाला ‘चांगल्या तीन गोष्टी शोध’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. तोंड दाबून कृतज्ञ होता येत नाही. वाईट दिवशी आधी जे वाईट झालं ते चार ओळी लिहा, खडबडीत भाषेत लिहा, आणि त्यानंतर एखादी गोष्ट आपसूक आठवली तरच डाव्या पानावर जा. बऱ्याचदा आठवते: कोण चिखल तुडवत आलं, कुणी दोन दिवस जनावरं स्वतःच्या गोठ्यात बांधून घेतली. नाही आठवली तर वही मिटा.

हक्काच्या गोष्टींसाठीही कृतज्ञता लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमानं दिलेली उचल हा व्यवहार आहे. त्यांची पुढची मेहनत तिला तारण असते. केलेल्या कामाची मजुरी, सरकारी योजनेचा मंजूर हप्ता, मारहाण न करणारा नवरा, या गोष्टी डाव्या पानावर येऊ लागल्या तर थांबून विचार करा. जे मुळात असायलाच हवं ते ‘बरं झालं’ म्हणून लिहावं लागत असेल, तर तिथं वहीची नाही, भांडणाची किंवा मदतीची गरज आहे. सोसायचं बळ यावं म्हणून हा सराव करू नका.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच जीव लागत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही बोलता येतं. अशा वेळी रिकामं डावं पान बघून माणसाला उलट वाटतं, की आपल्याला साधं कृतज्ञही होता येत नाही. आजाराच्या लक्षणावरून स्वतःला दोष देण्यासारखंच ते.

रोज किती दिवस

पहिले सात दिवस रोज. हात बसेपर्यंत हेच बरं, आणि सेलिग्मन यांचा प्रयोगही आठवड्याचाच होता. त्यानंतर मात्र कमी करा, आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहा आठवड्यांचा एक प्रयोग मांडला होता. त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज पोळा केला तर बैलही कंटाळेल. रोज लिहून ज्यांना खरंच बरं वाटतं त्यांनी रोज लिहावं, पण नोंदी एकसारख्या दिसू लागल्या की तो कमी करण्याचा इशारा समजावा.

वार लक्षात राहत नसेल तर गावच्या आठवडी बाजाराला बांधून टाका. पिशवी रिकामी करून झाली की वही. एखादा बाजार चुकला तर पुढच्या बाजाराला सहा नोंदी लिहून भरपाई करायची नाही.

महिन्यातून एकदा नेहमीची रीत सोडून उलटं लिहून बघा. आपल्याकडं असलेली एक मोठी गोष्ट घ्या आणि ती कशी सहज घडलीच नसती, ते लिहा. २००८ च्या एका प्रयोगात काहींनी आपला जोडीदार आपल्याला कदाचित कसा भेटलाच नसता हे लिहिलं. कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं नातं जास्त बरं वाटू लागलं. आपल्याकडं याला तयार माल आहे. हे स्थळ आणलं कुणी? परभणीच्या कुठल्या लग्नात मावशीच्या शेजारी कोण बसलं होतं? ती गाडी चुकली असती तर? पत्रिका बघणाऱ्यानं नाही म्हटलं असतं तर? पानभर लिहा. पाण्याचंही असं लिहिता येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना तांब्याभर पाण्याबद्दल पान भरायला कल्पनाशक्ती लागणार नाही.

महिना झाल्यावर

वही पहिल्यापासून वाचा आणि उजव्या पानांवरची माणसांची नावं मोजा. बहुतेक वेळा एखादं नाव चार-पाचदा आलेलं असतं आणि ते अपेक्षित नसतं: डेपोतला एखादा कंडक्टर, धाकटी जाऊ, शाळेतला शिपाई. त्या माणसाला, किंवा जुन्या काळातल्या ज्याला सांगायचं राहून गेलं अशा कुणाला, एक पत्र लिहा. सेलिग्मन यांच्या त्याच अभ्यासात, पत्र लिहून प्रत्यक्ष नेऊन देण्याचा परिणाम सगळ्यांत मोठा होता, फक्त तो महिनाभरच टिकला. म्हणून एक पत्र लिहून वर्षभर त्यावर बसू नका.

पत्र एक-दीड पानाचं, साध्या भाषेत. ‘ती. मामांस सा. न. वि. वि.’ असा जुना मायना खुशाल वापरा, त्याच्या आडोशानं पुढचं बोलणं सोपं जातं. पुढं तीन गोष्टी हव्यात: तुम्ही नेमकं काय केलंत, त्यावेळी माझी काय स्थिती होती, आणि त्यामुळं पुढं काय झालं. ‘अकरावीला नांदेडला खोली मिळेपर्यंत तुम्ही मला दोन महिने ठेवून घेतलंत. घरात आधीच पाच माणसं होती. मामी पहाटे माझा डबा करायच्या. त्या दोन महिन्यांत मी शिक्षण सोडून परत गेलो नाही, ते त्यामुळं.’ शेवटी ‘आभार’ लिहायची गरज नाही. ‘हे सांगायचं राहून गेलं होतं’ एवढं पुरतं. ‘तुमचे उपकार कसे फेडू’ असं चुकूनही नको, समोरचा माणूस अवघडतो आणि फेडायला नकोच म्हणण्यात अर्धा तास जातो.

संकोच वाटेलच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की अशी पत्रं लिहिणारे समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त बांधतात आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा कमी. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका, स्टेटसला तर नकोच. शक्य असेल तर जा आणि वाचून दाखवा. फोनवर ‘सहज येतोय’ म्हणा, कारण सांगू नका. चहा होऊ द्या, पोरंटोरं खेळायला बाहेर गेली की कागद काढा, आणि मान वर न करता शेवटपर्यंत वाचा. मामा बहुधा मध्येच म्हणतील, ‘अरे, त्यात काय एवढं, घरचंच तर होतं.’ त्यावर वाद घालू नका. वाचून झालं की कागद घडी करून त्यांच्या हातात द्या आणि लगेच उठू नका. पहिली दोन-चार मिनिटं दोघांनाही बोलायला सुचणार नाही. मामी आतून ऐकत असतील. जाताना त्यांनाही डब्याचं वाक्य वेगळं सांगा.